अक्षराखालची आडवी रेघ

वेदातलं अक्षर टाइप करणं सोपं, त्याचा स्वर टाइप करणं हा मात्र छळ आहे. आवाज खाली न्यायचा तर अक्षराखाली आडवी रेघ, वर न्यायचा तर डोक्यावर उभी. एवढंच. पण कॉम्प्युटरला हे कोण सांगणार? क्रम जरा चुकला की रेघ अक्षराला सोडून एका ठिपक्यांच्या वर्तुळावर जाऊन बसते. उकाराखाली रेघ दिली की दोघं एकमेकांत अडकतात. आणि फॉन्ट बदलला तर सगळ्या रेघांचे चौकोन. सरकारी कचेरीत टायपिस्ट म्हणून मी निवृत्त झाले, एकेका साहेबाचं कोंबडीच्या पायांसारखं अक्षर लावलं, पण इतका हट्टी मजकूर कधी हाताखाली आला नव्हता.

हा उद्योग अण्णांसाठी, म्हणजे माझ्या वडिलांसाठी. हेदवीच्या बाजूला आमच्या गावी देवळाच्या उत्सवात मंत्र तेच म्हणायचे. विसरायला लागले तेव्हा मी त्यांना रत्नागिरीत माझ्या फ्लॅटवर आणलं. गावातल्या त्यांच्या पुतण्यांनी निरोप धाडला, उत्सवाचे मंत्र मोठ्या अक्षरात करून दे, पुढे आम्ही वाचून म्हणू. अण्णांच्या जुन्या पोथीतली अक्षरं शाबूत होती, पण स्वरांच्या बारीक रेघा खाऱ्या हवेने पार पुसट झाल्या होत्या. त्या आता अण्णांच्या गळ्यातच उरल्या होत्या, आणि अण्णा रोज थोडे थोडे जात होते. रेकॉर्ड करायला मोबाइल समोर धरला की ते गप्प बसायचे. ते पुरते जायच्या आत मला सगळे स्वर उतरवून घ्यायचे होते.

खरं सांगते, मला रागही होता. अण्णांनी भावाला शिकवलं, गावातल्या मुलांना शिकवलं, मला नाही. मुलींनी वेद म्हणायचे नसतात, विषय संपला. भावाने मुंबईत नोकरी धरली आणि सगळं सोडून दिलं. आणि जिला एक ओळ दिली नाही तिच्याच बोटांवर आता हे येऊन पडलं होतं. भांडी घासतानासुद्धा ते मला डाचायचं.

सकाळची पेज झाली की आम्ही बसायचो. मी शब्द सपाट वाचायची, ते स्वर लावून म्हणायचे, मी 'वर', 'खाली' असं बोलत कळ दाबायची. मी चुकले की ते म्हणायचे, "खाली गो, खाली घे." आपण जेवलो की नाही हे त्यांना आठवत नसे. आई गेली हे रोज नव्याने सांगणं मी सोडून दिलं होतं. पण स्वर चुकला की त्यांचे मिटलेले डोळे चटकन उघडायचे. मला त्या रेघांचा हेवा वाटायचा.

मग मंत्रही तुटायला लागले. एक धरायचे आणि भलत्याच मंत्रात शिरायचे. एका सकाळी तर काहीच नाही. मी वाचतेय, ते खिडकीबाहेर बघतायत. वाट बघून शेवटी मीच ती ओळ स्वर लावून म्हटली, आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने. त्यांनी मान वळवली.

"बरोबर म्हटलंत," ते म्हणाले. "कोणाकडे शिकलात तुम्ही, बाई?"

जन्मभर मला 'गो' म्हणणारा माणूस अहो-जाहो करत होता. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हटलं, चोरून ऐकून शिकले.

ते हसले. "आमची मुलगी तेच करायची. तांदूळ निवडायला पडवीत बसायची, कान सगळे आत. तिला वाटायचं, मला कळत नाही. मी मुद्दाम मोठ्याने म्हणायचो. एकेक ओळ परत परत. त्या मुलांना कसलं लागतंय, त्यांचं लक्ष आंब्यांवर."

मी विचारलं, तिला हे कधी सांगितलंत का? ते म्हणाले, छे, गावाने काय म्हटलं असतं?

इतकी वर्षं सांभाळलेला राग कुठे ठेवायचा ते कळेना. ज्याच्याशी भांडायचं होतं आणि आता ज्याच्या पाया पडायचं होतं, तो माणूस समोरच्या खुर्चीत नव्हता. मला रडू आवरेना. अण्णांनी खांद्यावरचा पंचा काढून माझ्यापुढे धरला, परक्या बाईला द्यावा तसा, जरा अंतर राखून.

"रडू नका," ते म्हणाले. "घरी कोणी आजारी आहे का?"

"वडील," मी म्हटलं.

"ओळखतात ना तुम्हाला?"

मी हो म्हटलं.