उस्तादांनी शर्टाला पुसलेला हात

उस्ताद गाडीचं बोनेट नंतर उघडायचे, आधी ड्रायव्हरला उघडा पाडायचे. लातुरात औसा रोडला त्यांचं गॅरेज होतं. गॅरेज कसलं, चार पत्रे आणि एक लिंबाचं झाड. चालू न होणारी डिझेल गाडी कुणी ओढत आणली, तरी ते स्टुलावरून उठायचे नाहीत. "शेवटी काय करून राहिला होता?" हा पहिला सवाल. टाकी कोरडी पडू दिली का, डिझेल कुठं भरलं, फिल्टर कधी बदलला. आणि आम्ही ड्रायव्हर लोक, काय सांगू, एकजात थापाडे! टाकी कोरडी पडली हे कबूल करायचं म्हणजे जिवावर येतं. "कालच फुल केली होती उस्ताद," असं आम्ही तोंड वर करून सांगायचो.

मग उस्ताद फिल्टरच्या बुडातलं डिझेल काचेच्या बाटलीत काढायचे, त्यातलं थोडं तळहातावर ओतायचे आणि नाकाशी न्यायचे. काय नाक होतं ते! रॉकेल मिसळलंय, पेट्रोल पडलंय, की डिझेल टाकीत पडून पडून शिळं झालंय, एका हुंगण्यात सांगायचे. थाप पकडली की तो ओला तळहात थापाड्याच्या शर्टाला पुसायचे. सगळ्यांदेखत, छातीवर, सावकाश. "गाडी खोटं बोलत न्हाई. डायवर बोलतो." रेणापूरपासून औशापर्यंत असा डाग न पडलेला ड्रायव्हर मिळणं मुश्किल होतं. माझेही चांगले चांगले शर्ट त्यात गेले.

तरी आम्ही तिथंच मरायला का जायचो? कारण गाडी चालू होत नाही म्हटलं की बाकीचे मेकॅनिक पहिला पंप खोलून बसायचे. उस्ताद पंपाला हात लावायचे ते सगळ्यात शेवटी. "गावात चोरी झाली की गरिबाला धरतेत, तसं हे लोक पंपाला धरतेत," म्हणायचे. आधी टाकी, मग पाइप, मग फिल्टर. पाइपाच्या जागी पारदर्शक नळी लावायची आणि बुडबुडे दिसतात का बघायचं. डिझेलच्या वाटेत हवा शिरली असली, तर इंजिन दिवसभर फिरवलं तरी पेटत नाही. बहुतेक गाड्यांचं दुखणं तेवढंच निघायचं, आणि आम्ही उगाच घाबरलेलो असायचो.

एकदा तर औशाकडे निघालेल्या वऱ्हाडाची जीप त्यांच्या दारात बंद पडली. आत मुंडावळ्या बांधलेला नवरदेव. जीप त्याच्याच घरची, आणि टाकी त्यानंच कोरडी पाडलेली. उस्तादांनी डिझेल भरायला लावलं आणि नवरदेवालाच खाली उतरवलं. मेंदीच्या हातांनी त्याला फिल्टरवरचा हातपंप मारायला लावला. करवल्या तोंडाला पदर लावून हसतायत, मुहूर्त टळून चाललाय, आणि उस्ताद वर म्हणतायत, "मार मार. संसारात बी आधी हवाच काढा लागती!" नवऱ्याच्या बापाच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी त्या माणसाला दया आली नाही. शेजारच्या गॅरेजातला बब्रू मेकॅनिक मदतीला धावला, तर "तू दूर हो, तुझ्या नाकाला शेण आन् आत्तर सारखंच," म्हणून त्यालाही चारचौघांत झाडलं. बब्रूनं ते मनात ठेवलं.

मग एका पावसाळ्यात उस्तादांना मोठा ताप आला. महिनाभर घरी होते. परत आले ते वाळलेले, पण जिभेची धार तीच. तळहातावर डिझेल तसंच घ्यायचे, तसंच हुंगायचे. फक्त निकाल द्यायच्या आधी आमच्या तोंडाकडे जरा जास्त वेळ बघायला लागले. हे पहिलं बब्रूच्या लक्षात आलं. एकदा शेजारच्या टपरीवर दूध करपलं, सगळा रस्ता नाकाला रुमाल लावून पळाला, आणि उस्ताद तिथंच बसून निवांत बिडी ओढत होते.

त्याच आठवड्यात माझा पिकअप सकाळी चालू होईना. भाजीचा माल दुसऱ्याच्या गाडीत घालून मी पिकअप ओढत लातूरला आणला. बब्रू आपण होऊन आला, "आणा, बाटलीत मी काढतो," म्हणाला. पाठमोरा होऊन त्यानं काय केलं ते मला दिसलं नाही, पण बाटली उस्तादांच्या हातात गेली आणि भपकन रॉकेलचा वास आला. गॅरेजसमोर बरेच जण जमले होते. उस्तादांचं नाक गेलंय हे एव्हाना सगळ्यांना ठाऊक होतं. या माणसाकडं त्या नाकाशिवाय दुसरं काय होतं हो?

उस्तादांनी तळहात नाकाशी नेला. मला राहवेना. म्हणालो, "उस्ताद, ह्यात रॉकेल हाय."

त्यांनी मान वर केली. "रॉकेल? तू भरलं?"

"न्हाई."

"मग कुठून आलं, ढगातून पडलं? टाकी कोरडी पाडली आसशील, आता मला वास शिकवून राहिला व्हय!" पुन्हा एकदा लांब श्वास घेतला. "चोख डिझेल हाय. हवा धरलीय." आणि तो रॉकेलनं माखलेला हात त्यांनी माझ्या छातीला पुसला. सगळ्यांदेखत, सावकाश.

आयुष्यात पहिल्यांदा मी त्या माणसापुढं खरं बोललो होतो.

एक जण फिसकन हसला, मग सगळेच हसले. बब्रू तर टाळ्या पिटत म्हणाला, "बोला उस्ताद, खोटं कोण बोलून राहिलं?" मेल्याच्या कानफटात द्यावीशी वाटली मला. उस्तादांनी एकेकाचं तोंड पाहिलं. मग माझा शर्ट मुठीत धरला, नाकाला लावला आणि हुंगत राहिले, हुंगत राहिले. शेवटी हळूच विचारलं, "खरंच हाय व्हय?"

"हाव," मी म्हणालो.

त्यांनी शर्ट सोडला, बाटली नीट स्टुलावर ठेवली आणि पायीच घरी गेले. त्यानंतर ते पत्रे कधी उघडले नाहीत.

पुढं ते लेकीकडं मुखेडला राहायला गेले. मी परवा त्यांना भेटायला गेलो, तो एसटीनं. पिकअप दारातच अडून बसला होता. सकाळभर मी हवा काढत झटलो, हात दोनदा धुतले, तरी डिझेलचा वास जाईना. एसटीत शेजारची बाई उठून दुसरीकडं बसली. पाणी आणून देताना लेकीनंही नाक मुरडलं.

उस्तादांनी माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले, अगदी तोंडाजवळ. "गाडी कशी हाय रं?"

अडलीय म्हटलं असतं, तर पुढचा सवाल डिझेलचा आला असता. माझी छाती झाली नाही. "मस्त हाय उस्ताद," मी म्हणालो, "बाजारात लावून आलो."

मी वाट बघत होतो. आता तळहात उचलतील, माझ्या छातीला पुसतील, चार शिव्या हासडतील. देवाशपथ, नवाकोरा शर्ट घालून गेलो होतो मी.

"बरं झालं," उस्ताद म्हणाले, आणि माझे हात सोडले.