वरवंटा म्हणून बसले

रविवार, दिवाळीनंतरचा दुसरा. हजर: मी, मुलगा अमोल, सून कोमल, मुलगी शीतल आणि आत्याबाई. गैरहजर: यजमान, कारण पिंपळगावच्या शेतात कापसाची वेचणी. वाहन: घरची जुनी जीप, चालवणार अमोल. स्थळ: जालन्याच्या अलीकडे तेव्हा नव्यानं झालेलं खेळांचं पार्क.

शाळेच्या सहली नेऊन नेऊन हजेरी घेतल्याशिवाय मला घरातून निघताच येत नाही. त्या दिवसाच्या हजेरीतलं शेवटचं नाव आता कुठल्याच हजेरीत येणार नाही, म्हणून हे लिहायला बसले.

आत्याबाई म्हणजे यजमानांच्या सख्ख्या आत्या, सोनाबाई. लवकर विधवा होऊन पिंपळगाव रेणुकाईला भावाच्या घरी आल्या आणि तिथंच राहिल्या. माझी त्यांची पहिली भेट भांडणातच झाली. लग्नानंतर मी शेजारच्या घरी बसले होते. समोर बाळाची झोळी टांगलेली, बाळ आईच्या मांडीवर. बोलता बोलता मी सहज हातानं झोळीला झोका दिला. मागून कुणीतरी मनगट घट्ट धरलं.

"मास्तरीणबाई, रिकामा पाळणा हलवून राह्यल्या? कोनाच्या लेकराच्या जिवावर उठल्या?"

मी काही बोलायच्या आत त्या स्वयंपाकघरातून पाट्यावरचा वरवंटा घेऊन आल्या, झोळीत आडवा ठेवला, वर बाळाचं दुपटं पांघरलं आणि म्हणाल्या, "आता हलवा किती हलवायचं ते. आता बराबर हाय."

बारशाला आधी वरवंट्याला टोपडं घालून पाळण्यात निजवतात, हे मलाही माहीत होतं. पण आत्याबाईंनी तो वरवंटा बारशापुरता ठेवला नव्हता. त्यांच्या हिशेबानं पाळण्यात कुणीतरी असायलाच पाहिजे. लेकरू नसेल तर दगड चालेल, पण रिकामा पाळणा हलता कामा नये. गावात कुणाच्याही घरी झोळी बांधायची असली की त्यांनाच बोलावणं. जुन्या लुगड्याला पीळ देत त्या खालूनच गाठ मारायच्या, स्वतः दोन्ही हातांनी लोंबकळून ती तपासायच्या आणि म्हणायच्या, "गाठ मारताना हसू न्हाई, सोडताना रडू न्हाई." मात्र लुगडं आढ्यावरून टाकायला स्टुलावर दुसऱ्या कुणाला तरी चढवत. उंचीची त्यांना भयंकर भीती. उभ्या आयुष्यात माळवदावर वाळवण घालायला त्या चढल्या नाहीत. "जिन्याची तिसरी पायरी आली की माझ्या पायाचं पाणी होतं," असं चारचौघांत सांगत, लाजत नसत.

आता कोमलबद्दल. दोनदा दिवस राहिले, पण दोन्हीदा गर्भ टिकला नाही. पहिल्या वेळी तिच्या माहेरच्यांनी हौसेनं आधीच पाळणा आणून ठेवला होता. तो रिकामा पाळणा भाचरं झुलवत होती, हे तिला नंतर कुणीतरी शहाणपणानं सांगितलं. तेव्हापासून ती पाळणा हा शब्दही उच्चारत नसे. तिसऱ्या वेळी सहावा महिना लागला. डॉक्टरांनी हिंडायफिरायला परवानगी दिली, तरी ती पलंग सोडेना. अमोल म्हणाला, "आई, एक दिवस तिला मोकळ्या हवेत नेऊ. नुसती झाडाखाली बसेल." मी नको म्हणत होते. आत्याबाईंनी निकाल दिला. "जाऊ द्या. मी हाय ना संगं. तिच्याजवळून हालनार न्हाई."

आणि खरंच, दुपारपर्यंत त्या हलल्या नाहीत. लिंबाच्या सावलीतल्या बाकावर कोमल, तिच्याशेजारी आत्याबाई, मी डबे आणि पिशव्या राखत. समोर मोठा रहाटपाळणा. अमोल आणि शीतल त्यात बसायला गेले. पाळणे वर चढू लागले, तशी कोमल माझ्या कानाशी वाकली.

"आई, सकाळपासून बाळ हललं नाही."

"सकाळपासून? आणि आत्ता सांगतेस?"

"मला वाटलं, हलेल."

मी ताबडतोब उठले. जालना जवळ होतं, डॉक्टर तिथलेच. पिशव्या गोळा केल्या, पाण्याची बाटली तिच्या हातात दिली, आणि मग लक्षात आलं की जीपची किल्ली अमोलच्या खिशात आहे आणि अमोल आभाळात.

पाळण्याजवळ जाऊन मी चालकाला ओरडून सांगितलं. भला माणूस. त्यानं लगेच चाक थांबवलं. पण म्हणाला, "मॅडम, तुमची माणसं वरच्या अंगाला आहेत. एकेक पाळणा खाली घेत आणावं लागेल. घाई करता येत नाही." पहिला पाळणा खाली आला. त्यात कुणीच नव्हतं. दार उघडं, आतलं बाकडं मोकळं, थांबण्याच्या हिसक्यानं तो आमच्यासमोर पुढंमागं हलत होता.

मी वळून पाहिलं. कोमल उभी राहिली होती. तिची नजर त्या पाळण्यावरून निघत नव्हती, आणि चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता.

आत्याबाईंनीही तेच पाहिलं. पदर खोचून त्या माझ्या शेजारून सरळ पुढं गेल्या.

"ये बाबा, हा रिकामा हलवून राह्यला तू?"

"आजी, माणसं उतरवायची तर चाक फिरवावंच लागेल. हाही वर जाणारच."

"मंग मी बसते त्याच्यात."

"आत्याबाई!" मी त्यांचा दंड धरला. "तुम्हाला बीपी आहे. आणि ही काय वेळ आहे का? इथं जीव टांगणीला लागलाय!"

त्यांनी माझा हात सोडवला. आवाज एकदम हळू केला. "तिचा जीव टांगनीला लागलाय, म्हनूनच. हा रिकामा तिच्या डोळ्यापुढून वर गेला, तर पोरगी दवाखान्यात पोचेपर्यंत भिऊनच मरंल. तुम्ही पिशव्या धरा." मग कोमलकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाल्या, "कोमे, भिऊ नको. आता मीच वरवंटा!"

त्या आत बसल्या. चालकानं दाराला खिट्टी लावली. चाक फिरलं. आत्याबाईंनी डोळे मिटले होते, दोन्ही हातांनी दांडा आवळला होता, आणि ओठ पुटपुटत होते. देवीचं नाव असावं. खालचा एक पाळणा उतरला, त्या थोड्या वर गेल्या. आणखी एक उतरला, आणखी वर. प्रत्येक थांब्याला त्यांचा पाळणा डुलायचा. एकीकडं सून, दुसरीकडं सत्तरी ओलांडलेली म्हातारी. नक्की कुणाकडं बघावं, कळेना. कोमल माझ्या खांद्याला धरून वर बघत होती.

आत्याबाई अगदी शेंड्याला पोचल्या आणि चाक थांबलं. वरून काहीच आवाज येईना. "आत्याबाई!" मी हाक मारली. पुन्हा मारली. मग एक बारीक किंकाळी ऐकू आली. माझ्या हातातली पिशवी गळाली.

ती किंकाळी नव्हती.

"आगं बाई! आगं बाई गं! कोमे! म्हशी बघ, मसुराच्या दान्याएवढ्या! आन् त्या पल्याडच्या तळ्यात आभाळ पडलंय, आख्खं!" त्यांचा पदर डोक्यावरून उडाला होता, पांढरे केस मोकळे झाले होते आणि दांड्यावरचे दोन्ही हात सुटले होते. एक हात हवेत हलवत होत्या. "मास्तरीणबाई, तुम्ही तर मुंगी दिसून राह्यल्या! पिशव्यावाली मुंगी!"

कोमल हसली. कितीतरी महिन्यांनी हसली, तेही रडत रडत, नाक पुसत. "वरवंटा बघा ना, आई, कसा ओरडतोय..." आणि बोलता बोलता माझा हात ओढून तिनं पोटावर ठेवला.

माझ्या तळहाताला आतून एक ठोसा बसला. मग दुसरा.

अमोल खाली आला, किल्ली आली, जीप दारापाशी लागली. एक ठोसा जाणवला म्हणून दवाखाना रद्द करणाऱ्यातली मी नाही. पण आत्याबाई उतरेनात. त्यांचा पाळणा खाली आला तरी दांडा धरून बसल्या.

"बाबा, एक चक्कर अजून."

"आत्याबाई, डॉक्टरांकडं जायचंय!"

"लेकरू हाललं ना? मंग जा की तुम्ही. मी हितंच हाय, कुठं पळून चालले?" मग कोमलचा चेहरा पाहून नाइलाजानं उतरल्या. जीपमध्ये मागं वळून बसल्या आणि ते चाक दिसेनासं होईपर्यंत बघत राहिल्या. "पन्नास वर्सं मी खालूनच गाठी मारल्या," त्या म्हणाल्या. "पाळन्यातल्याला काय दिसतं, कोनी सांगितलंच न्हाई."

डॉक्टरांनी ठोके ऐकवले. सगळं ठीक होतं. पुढं मुलगी झाली. झोळी आत्याबाईंनीच बांधली, आणि या वेळी स्टुलावर स्वतः चढल्या. मी स्टूल धरून उभी होते. त्या खाली बघत नव्हत्या, पण तोंडावर हसू. "गाठ मारताना हसू न्हाई ना, आत्याबाई?" असं मी म्हटलं, तर म्हणाल्या, "ते खालून मारनाऱ्याला."

गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. शेवटचे काही दिवस जाफराबादला आमच्याकडंच होत्या. पोरीला उशाशी घेऊन तिला वरून दिसणाऱ्या म्हशी सांगायच्या, दर वेळी आणखी बारीक करून. मसूर झाला, मोहरी झाली, शेवटी खसखस. एका सकाळी मला जवळ बोलावलं. "पोरीला त्या पाळन्यात न्यायचं मी कबूल केल्तं. आता तुम्ही न्या. अमोलला न्हाई बसवायचं, तुम्हीच बसा संगं. पिशव्या कोनाजवळ बी द्या."

आम्ही गेलो होतो. हजर: सगळे, एक सोडून. पार्कच्या खांबावर उंचीची लाल रेघ आहे. तिच्याखालच्या मुलांना मोठ्या पाळण्यात घेत नाहीत. पोर टाचा उंच करून उभी राहिली, तरी चार बोटं कमी पडली. ती रडली. मी तिला समजावत पिशव्या उचलल्या, आणि खरं सांगायचं तर वर बघताना माझ्याच पायाचं पाणी झालं होतं.

घरी येऊन तेवढ्याच उंचीवर दाराच्या चौकटीला मी खडूनं रेघ मारली. पोर रोज सकाळी तिथं जाऊन उभी राहते. अजून दोन बोटं बाकी आहेत.