लाकडाच्या खोलीतली दुपार

तापाच्या साथीत माझा नवरा गेला. सासरी कुणी उरलं नव्हतं. मच्छे गावात भावाचं घर होतं, पण त्याच्या संसारात खायला एक तोंड वाढवण्यापेक्षा मी बेळगावात कामाला लागले. अनगोळच्या वाटेवर एका व्यापाऱ्यानं निराधार बायकांसाठी आश्रम बांधला होता. लांबलचक कौलारू इमारत, ओळीनं खोल्या, पुढं ओसरीसारखा सोपा, मागं न्हाणीघर आणि जळाऊ लाकडं ठेवायची एक खोली. ज्यांना घर नव्हतं, किंवा घर असून ज्यांचं करायला घरी कुणी तयार नव्हतं, अशा बायका तिथं राहत. त्यांचं न्हाणं-धुणं, खाणं-पिणं, उठवणं-बसवणं करायला आम्ही दोघी होतो. माझ्याबरोबरची बाई थोरली, अंगानं दणकट. तिला सगळ्या मावशी म्हणत. कारभार एक पेन्शनीत निघालेले मास्तर बघायचे. त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो.

मावशी वाईट नव्हती. तिला घाई असायची, एवढंच. एकीच्या डोक्यावर तांब्या ओतताना तिचं लक्ष पुढच्या बाईकडे असायचं. पाणी गार आहे की कढत हे ती विचारायची नाही, आणि म्हाताऱ्याही सांगायच्या नाहीत. सांगितलं तर उद्या आपल्याला शेवटी न्हाऊ घालतील, अशी त्यांना भीती. हे मला फार उशिरा कळलं.

शेवटच्या खोलीत दोघी होत्या. एक निपाणीची आक्का. तिचा सारा जन्म तंबाखूच्या वखारीत गेलेला. छातीत खोकला बसलेला आणि पाय कमरेपासून निकामी. दुसरी लोंढ्याची काकू. तिचा नवरा रेल्वेत फाटक सांभाळायचा. तो गेल्यावर काकूच्या अंगावरून वारं गेलं, अर्धं अंग लुळं पडलं, तोंड एका बाजूला ओढलं गेलं. ती बोलायची ते फक्त आक्कालाच समजायचं. मी काकूला कुशीवर वळवायला हात लावला की ती दचकायची. तेव्हा आक्का म्हणायची, "आधी सांग तिला, मग हात लाव. ती बाजू तिला दिसत न्हाय गं."

मग मी सांगायला लागले. "काकू, आता पाठ पुसते. आता वळवते." काकूचं अंग हळूहळू सैल पडायला लागलं. पाठीवरच्या जखमा खोबरेल आणि वरचेवर वळवण्यानं सुकत आल्या. त्या दिवसांत मला ते काम आवडायला लागलं होतं.

एकदा देणगी देणारं घराणं आश्रम बघायला येणार होतं. नेमकं त्याच दिवशी भावाच्या मुलाचं बारसं होतं, म्हणून मी आदल्या सांजेला मच्छ्याला गेले. बारसं उरकून दुपारी परत आले तर सोप्यावर भजन चाललं होतं. धुतलेली लुगडी नेसून सगळ्या म्हाताऱ्या ओळीनं बसलेल्या. समोर खुर्च्यांवर पाहुणे. मी ओळीवरून नजर फिरवली. त्या दोघी नव्हत्या. शेवटच्या खोलीत गेले, तर खाटाही नव्हत्या.

मावशी चुलीपाशी चहा गाळत होती. मी विचारलं, "निपाणीची आक्का कुठं हाय?"

"मागं. लाकडाच्या खोलीत." तिनं वर बघितलं नाही. "काकूचं तोंड तसलं, लाळ गळतीया. अण्णा म्हणाले, तासाभराचा तर प्रश्न हाय."

"आणि आक्का?"

"काकूला एकटी कशी ठेवायची? म्हणून तिलाबी."

लाकडाच्या खोलीला बाहेरून कडी होती. पाहुण्यांपैकी कुणी चुकून उघडू नये म्हणून ती लावलेली. मी कडी काढली. आत लाकडांचा वास आणि कौलांतून आलेल्या उन्हाच्या बारीक रेघा. दोन खाटा एकमेकींना चिकटवून ठेवल्या होत्या. आक्का कुशीवर वळलेली, काकूचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू म्हणाली, "दार लावू नगंस."

काकू गेली होती. हात अजून पुरता गार पडला नव्हता.

मी पुढं जाऊन अण्णांना खूण केली. ते उठून आले, दारात उभे राहिले. त्यांचं तोंड पांढरं पडलं. म्हणाले, "पाहुणे जाईपर्यंत थांबू या. आता काय सांगणार?"

मी खोलीत जाऊन दोघींच्या उशाशी खाली बसले. पुढं टाळ वाजत होते. एक भजन संपलं, दुसरं सुरू झालं. कुणीतरी हसलं. कपबशा वाजल्या. आक्का रडली नाही. ती काकूच्या अंगठ्यावरून आपला अंगठा फिरवत राहिली. मी त्या आवाजांत बसून होते तेवढा वेळ अजून माझ्या अंगातून पुरता गेलेला नाही.

दुसऱ्या दिवशी सुताराला अण्णांनी स्वतः आणलं. लाकडाच्या खोलीचं दार त्यांनी बिजागऱ्यांसकट काढून घेतलं. मावशीनं महिनाअखेर काम सोडलं.

आक्काची खाट परत जुन्या खोलीत आली. काकूची खाटही तिनं हट्टानं शेजारी ठेवायला लावली. सकाळी मी तिला वळवायला गेले की ती म्हणायची, "आधी तिला."

पहिल्यांदा मी उभीच राहिले. आक्का वाट बघत होती. मग मी रिकाम्या खाटेकडे वळले, चादर ताणली, उशी उलटी केली, आणि नकळत तोंडातून निघालं, "काकू, आता वळवते." मग आक्का स्वतःचं अंग माझ्या हाती द्यायची. पुढं रोज तसंच. बाहेरच्या कुणी बघितलं असतं तर मला वेडी म्हटलं असतं. पण खरं सांगायचं तर त्या खाटेवर हात फिरवताना मला कधी ती रिकामी वाटली नाही. पाठ फिरवल्यावर मान वळवून त्या खाटेकडे बघायचं धाडस मात्र मी केलं नाही.

एके दिवशी केस विंचरून घेता घेता आक्का आपण होऊन बोलली. "तिला वाटलं न्हाय आपल्याला कोंडलंय म्हणून. ती विचारत हुती, भायेर गाणं कुणाचं चाललंय?"

"तुम्ही काय सांगितलं?"

"म्हटलं, तुझ्यासाठीच बसल्यात सगळी. लई खूश झाली गं. मग पाणी मागितलं. तांब्या खोलीतच न्हवता. मी हाका मारल्या, पण टाळ वाजत हुते." माझी फणी थांबली होती. "इंचर की," आक्का म्हणाली.

वर्षभरानं तेच पाहुणे परत आले. या खेपेला अण्णांनी कुणालाच मागं ठेवलं नाही. आक्काला खाटेसकट सोप्यावर भजनाला आणलं. ती खोकत होती, तिच्या अंगाला औषधाचा वास होता, आणि एका सुनेनं नाकाला पदर लावला. पण घराण्यातली थोरली बाई खुर्ची सोडून खाटेजवळ आली, खाली बसली आणि विचारलं, "काय हवं-नको आहे का तुम्हाला?"

आक्कानं आतल्या खोलीकडे बघितलं. "मला काय नगं. आत एकजण हाय. तिला ऐकू जाईल असं भजन जरा मोठ्यानं म्हणा."

त्या बाईंना वाटलं, आत कुणी आजारी असेल. त्यांनी मान डोलावली आणि भजनवाल्यांना तसं सांगितलं. गाणारे मोठ्यानं गायला लागले. अण्णा उठून न्हाणीघराकडे गेले आणि बराच वेळ आले नाहीत. मी आत गेले. उन्हं खोलीभर पडली होती. काकूच्या खाटेवरची चादर सकाळी ताणली होती तशीच होती, फक्त उशी मधोमध दबलेली.

मी ती नीट केली नाही. उंबऱ्यात बसून भजन संपेपर्यंत ऐकलं.

आक्का त्याच हिवाळ्यात गेली, दुपारी, माझ्या हातून पेज पिता पिता. देश स्वतंत्र झाला तेव्हा मी तिथंच कामाला होते. नव्या बायका आल्या, त्या खाटांवर झोपल्या, गेल्या. त्या आता मलाच आक्का म्हणत, आणि त्यांना वळवतानाही माझ्या तोंडातून 'काकू, आता वळवते' असंच निघायचं. त्यांतल्या एकीनं मला एकदा विचारलं, "आक्का, आमाला वळवताना तुमी कुणाशी बोलता?"

तुझ्याशीच, असं मी म्हणाले. तिचा विश्वास बसला की नाही, कोण जाणे.