पालथी बशी

"आधी बोलनं, मग चहा," म्हणत ते भरल्या कपावर बशी पालथी घालायचे.

लातूरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, माझी चहाची टपरी आहे. आडतीत हमालांची मालक शेटजींशी बैठक बसली की किटली घेऊन मीच आत जायचो. ते हमालांचे पुढारी, आमचे भाऊ. पोती वाहूनच वर आलेले. खांद्यावर घट्टे होते.

मी एकदा विचारलं, "भाऊ, चहानं काय बिघडतंय?"

"त्यांचा चहा लई गोड हाय गड्या. पोटात गेला की 'न्हाई' म्हनाय जीभ उचलत न्हाई."

एकदा शेटजींनी भजी पुढं केली. भाऊंनी तीही बशीनं झाकली. बशी लहान पडली, भजी चहूबाजूंनी डोकावत राहिली आणि बोलणी संपेपर्यंत भाऊंची नजर काही तिथून हलेना. खाल्ली मात्र नाहीत.

मागणी मान्य झाली की ते बशी उचलून तोच गार चहा पीत. मी रिकामा कप उंच धरून बाहेर यायचो. हमालांना निकाल कळायचा तो त्या कपावरून. कागद कुणी वाचत नसे.

मग शंभर किलोच्या पोत्याचं भांडण उभं राहिलं. पाठी मोडत होत्या. सगळ्यांत जुने हमाल विठ्ठलमामा तर तेव्हाच वाकून चालायचे. "पन्नासच्या वर पोतं कुनाच्या पाठीवर ठिवू देनार न्हाई," असं भाऊ फाटकावर सगळ्यांसमोर म्हणाले आणि मोंढा बंद पडला. घरोघरच्या चुली थंडावल्या, पण एकही हमाल फुटला नाही.

शेवटच्या बैठकीत भाऊंनी बशी उचलली, चहा प्यायला. माझ्याकडं बघितलं मात्र नाही. मी कप उंच धरून धावतच बाहेर आलो. गुलाल उधळला. मामांनी तो उष्टा कप कपाळाला लावला आणि सगळे कामाला भिडले.

दुसऱ्या दिवशी पोती आली ती शंभराचीच. शेटजी म्हणाले, "पुढं बघू, एवढंच ठरलंय." आठवड्याभरात शेटजींच्याच पक्षाचं तिकीट भाऊंना मिळालं.

तुम्ही म्हणाल, कपभर चहाचं काय घेऊन बसलात? अहो, केसानं गळा कापला त्यांनी, आणि तोही माझ्या हातून! तो राग अजून गेलेला नाही.

भाऊ आमदार झाले, पुढच्या निवडणुकीत पडले. गेल्या वर्षी एकटेच टपरीवर आले. बाकावर मामा बसले होते, पार काटकोनात वाकलेले.

"मामांना चहा दे रे," भाऊ म्हणाले. "माझ्याकडून."

मी कप ठेवला. मामांनी त्यावर बशी पालथी घातली.

"आधी बोलनं, सायेब."

भाऊंनी त्या बशीकडं बघितलं. मग उठून गेले, ते पुन्हा मोंढ्यात दिसले नाहीत.

मामा संध्याकाळपर्यंत वाट बघत होते. तो चहा शेवटी मीच ओतून टाकला.