शेंगदाण्याचं दूध

आदिलाबादेतून एकदा शांती-अहिंसेची पदयात्रा गेली. यात्रेकरू पुढे गेले, प्रेरणा मात्र आमच्या कचेरीतल्या रेकॉर्डच्या कारकुनाजवळ ठेवून गेले. दुसऱ्या दिवसापासून त्याने दूध सोडलं आणि आम्हाला धरलं. चहा आला की, "गाईचं दूध वासराचं असते भाऊ," म्हणत तो शेंगदाण्याच्या दुधाची बाटली पुढे करी. चव ओल्या पुठ्ठ्याची. जुन्या कागदांच्या बस्त्यांतली कसरसुद्धा हा महात्मा मारत नसे. फायली खिडकीत नेऊन हलकेच झटकी. निजामाच्या काळापासूनचे कागद खाणारीलाही जगायचा हक्क!

मग जिल्ह्याचे चार तुकडे झाले. कचेरीतल्या एकाची नव्या आसिफाबाद जिल्ह्यात बदली होणार होती. आमचा महात्मा सर्वांत जुना, त्याला धक्का नव्हता. मी म्हणालो, शेजारच्या टेबलवाल्याने जावं. तो म्हणाला, तूच जा. प्रकरण कॉलर धरण्यापर्यंत गेलं. महात्मा मधे उभा राहून "शांत राहा ना भाऊ, शांत राहा" करत होता.

"तुमच्या शांतीनं बदली टळते काय?" मी ओरडलो.

तो आपल्या टेबलाकडे परतला. मला वाटलं, जिरली.

आठवड्याने यादी लागली. त्याचंच नाव. स्वतःच लिहून दिलं होतं.

"काऊन केलं असं?" मी विचारलं.

"तुमी भांडून राह्यले होते ना," बस्त्याची गाठ मारत तो म्हणाला.

आता कचेरीत दुधाचा चहा निवांत पिता येतो. घशाखाली उतरत नाही, एवढंच.