मोजलेल्या सगळ्यांच्या शोभाकाकी

फोन आला तेव्हा मी शाळेत पोरांना खिचडी वाढत होते. स्क्रीनवर शोभाकाकींच्या नवऱ्याचं, अण्णांचं, नाव दिसलं आणि हातातला डाव तसाच थांबला. अण्णा स्वतः कधी फोन करत नसत. फोन काकी करायच्या आणि अण्णा मागून ओरडून निरोप सांगायचे. "बाई, शोभा गेली," एवढंच ते बोलले. मग पलीकडून पिंपरीच्या दवाखान्यातला गलका ऐकू येत राहिला, कुणाचं तरी नाव पुकारणारी नर्स, फरशीवरून ढकलत नेलेल्या खाटेची चाकं... फोन बंद करायचं अण्णांना सुचलं नाही, आणि मलाही.

त्याच आठवड्यात मी त्यांना भेटून आले होते. किडन्या थकल्या होत्या, पाय सुजून गुळगुळीत झाले होते. मी काही धीराचं बोलायच्या आधी त्यांनीच माझा हात ओढला आणि डोळ्यांनी शेजारच्या खाटेकडं खूण केली. "तिकडं ओरिसाकडची बाई हाय. कुनी बघाया येत न्हाई. जाताना तिच्याशी दोन शब्द बोल." मी बोलले. परत वळून पाहिलं तर काकींचा डोळा लागला होता. आमचं शेवटचं बोलणं असं दुसऱ्याच कुणाबद्दल झालं.

लातूरकडून बदली होऊन मी निघोज्याच्या पलीकडच्या या गावात आले, तेव्हा शोभाकाकींच्या खोलीत भाडेकरू म्हणून राहिले. चाकणच्या कंपन्या वाढल्या तशा इथल्या वावरांत पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा उठल्या होत्या. आमच्या रांगेत बिहारचे होते, परभणीचे होते, आणि टोकाच्या खोलीत खडकबहादूर आणि दिलमाया हे नेपाळी जोडपं. तो एका कंपनीच्या गेटवर उभा असायचा, ती कँटीनमध्ये पोळ्या लाटायची. पोरगी इथंच जन्मली, माझ्याच वर्गात आली. मी शिकवलेली पहिली कविता ती दिवसभर रांगेतून म्हणत फिरायची, आणि काकी तिला धरून पुन्हा पुन्हा म्हणायला लावायच्या.

काकी राजकारणात आल्या त्या स्वतःच्या मनानं नाही. ग्रामपंचायतीचा वॉर्ड बाईसाठी राखीव झाला आणि त्यांचे धाकटे दीर दत्ताभाऊ यांनी घरातलं नाव म्हणून त्यांना उभं केलं. "वैनी, तुमी फक्त सही करा, बाकीचं मी बघतो." काकी निवडून आल्या. पण पहिल्याच मीटिंगमध्ये त्यांनी ग्रामसेवकाला विचारलं की पूर्वी गावाला एवढे सदस्य नव्हते, मग ही जागा आली कुठून? त्यानं सांगितलं, मागच्या जनगणनेत लोकसंख्या वाढली म्हणून जागा वाढल्या, आणि तुमच्या वॉर्डात तर बहुतेक माणसं खोल्यांमधलीच धरलीत. संध्याकाळी काकी माझ्या दारात येऊन बसल्या. "बाई, म्हंजी मी ज्या खुर्चीत बसले ती या लोकांच्या डोक्यांवर हाय की! दिलमाया बी मोजली असंल?" मी म्हटलं, जनगणनेत राहणाऱ्या प्रत्येकाला मोजतात, देश कुठला का असेना. त्या टोकाच्या खोलीकडं बघत बसल्या. पुढं त्यांच्या हातून जे काही झालं त्याची सुरुवात त्या बघण्यात होती, असं मला आज वाटतं.

खोल्यांच्या रांगांना तेव्हा नळ नव्हता. टँकर यायचा, कधी यायचाही नाही. काकींनी पाइपलाइनचा विषय ग्रामसभेत मांडला, आणि दत्ताभाऊच भर सभेत उठले. त्यांना मी कधी वाईट माणूस म्हणणार नाही. त्यांचं म्हणणं बिनबुडाचंही नव्हतं. "माझा सवाल सरळ हाय," ते म्हणाले. "जुन्या आळीत मतदार गच्च भरल्यात, त्यांना एक सदस्य. वैनींच्या वॉर्डात मूठभर मतदार, त्यांना बी एक. का? तर भाडेकरूंची मुंडकी धरली म्हनून. आरं, त्यातली काही तर परदेशातली! त्यांना मोजून आमच्या मताची किंमत कमी का करायची? ज्याला मत हाय त्यालाच मोजा, आन् वॉर्ड पाडा."

टाळ्या पडल्या. काकी उठल्या. त्यांनी पदर सावरला.

"भाऊजी, तुमचं खरं हाय," त्या म्हणाल्या. "माझ्याकडं थोडक्या मतांवर मानूस निवडून येतो. पन मग त्या मतावर वझं बी जास्त हाय. तुमचा मतदार एका घरापुरतं मत देतो, माझा मतदार शेजारच्या चार खोल्यांचं बी देतो. दिलमायाला मताचा हक्क द्या असं मी म्हनत न्हाई, ते सरकार बघंल. पन ती हितलं पानी पिती, तिची पोरगी हितल्या शाळंत जाती, तिच्या दारातली घाण हितल्याच गटारात जाती. न्हाई मोजली म्हनून काय तिला तहान लागायची थांबंल?" आणि मग हळू आवाजात, "आपल्या पोरांना बी मत न्हाई. त्यांना मोजतोच की आपन."

पाइपलाइन झाली. नळाला पहिलं पाणी आलं तेव्हा दिलमायानं कळशी न भरता आधी काकींच्या पायावर ओंजळभर पाणी घातलं. काकी चिडल्या, "आगं, वाया घालवू नको!" पण जुन्या आळीत आणि आमच्याच वॉर्डातल्या भावकीच्या घरांत पाण्याचा जोर कमी झाला. बायका हंडे घेऊन ताटकळू लागल्या, आणि त्यांचा राग खोटा नव्हता. पुढच्या निवडणुकीत काकींविरुद्ध त्यांच्याच भावकीतली सून उभी राहिली. मतदान आमच्याच शाळेत होतं. माझं नाव तोवर इथल्या यादीत आलं होतं, परभणीच्या काही जणांचंही आलं होतं. आम्ही मत दिलं. दिलमाया मात्र सकाळपासून फाटकाबाहेर उभी होती, सुट्टी टाकून. आत येता येणार नाही हे माहीत असूनही उभी होती.

काकी थोडक्यात पडल्या. संध्याकाळी दिलमाया त्यांच्या ओट्यावर बसून हुंदके देत होती, "काकी, मेरा एक भी नहीं... आमचा एक पण नाही." काकी तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. "रडती कशाला येडे? तू मत न देता मला येवढी वर्सं बसवलं हुतंस."

मला वाटलं होतं, त्या त्यातून बाहेर येतील. आल्या नाहीत. वरवर सगळं तसंच होतं. रांगेतली माणसं त्यांच्याकडंच यायची, आणि त्यांची कामं घेऊन त्या पंचायतीच्या बाहेरच्या बाकावर जाऊन बसायच्या; पूर्वी त्या आत खुर्चीवर बसत. कुणी आत बोलावलं तर बोलावलं. पण घरी आल्या की पूर्वीसारखं बोलत नसत. भावकीतल्या बायका हळदीकुंकवाला बोलावेनाशा झाल्या, तेच त्यांना जास्त लागलं. "माझीच मानसं हायती ती बाई," एकदा म्हणाल्या. "मी काय त्यांच्या तोंडचं पानी काढाया गेले हुते का?" मग पाय सुजायला लागले...

इंद्रायणीकाठी त्यांना नेलं तेव्हा जुनं गाव चितेजवळ होतं, आणि खोल्यांमधली माणसं लांब, वाटेच्या कडेला. कंपनीच्या कपड्यांतच आलेली. दत्ताभाऊंनी मागं वळून पाहिलं. मला वाटलं, आता काही बोलतील. त्यांनी हात वर केला. "तिकडं का उभं ऱ्हायलाय? पुढं या. सगळी पुढं या." आणि तिथंच ते मटकन खाली बसले, लहान मुलासारखे रडायला लागले. खडकबहादूरनं त्यांना धरलं.

आता पुन्हा जनगणनेचं काम निघालंय. प्रगणक म्हणून मला हाच भाग मिळाला. मी रांगेतली घरं घेतली. दिलमायानं दारातच विचारलं, "हमको भी?" मी म्हटलं, हो, तुम्हाला पण. सगळ्यात शेवटी काकींच्या घरी गेले. अण्णा ओट्यावर होते. घरात किती माणसं राहतात, असा प्रश्न त्यांना विचारावा लागेल हे मला माहीत होतं, पण तो मी माहिती भरायच्या मोबाईलकडं बघतच विचारला.

"सहा," अण्णा म्हणाले.

आतून त्यांची सून दाराशी आली. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "मामा... पाच."

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. मी मोबाईल तसाच हातात धरून बसले. मग ते म्हणाले, "व्हय. पाच लिही, बाई."

मी पाच लिहिलं. कुणी दारात आलं की आधी पाणी द्यायचं, नाव-गाव मग विचारायचं, अशी काकींची रीत होती. अण्णा गुडघ्यावर हात टेकून उठले, आत गेले, आणि पाण्यानं भरलेला तांब्या माझ्यापुढं धरला.