पानाला पान जोडणारे काका

दिगंबरकाकांना लोहाऱ्याची एसटी कधी सुटते असं विचारलं, तर ते न विचारता परतीची वेळही सांगत. वर म्हणत, "जायचं सांगितलं अन् यायचं न्हाय सांगितलं, तर माणूस तिथंच अडकतंय की!" येडशीत सगळे त्यांना थोडे चक्रम समजत. मीही समजत असे.

काका माझे शेजारी. पुण्यातली संगणकाची नोकरी संपली, काकू गेल्या, तेव्हा एकटेच गावी परतले. दिवसभर एकच काम, तेही फुकट. लोकांचे पासवर्ड, बँकेचे व्यवहार गुप्त ठेवणाऱ्या एका सॉफ्टवेअरची माहितीपानं सुधारायची आणि एका पानाच्या तळाशी दुसऱ्याचा दुवा द्यायचा.

"बाई, ह्या पानावर गुप्त किल्ली बनवायची कशी ते हाय. काम झाल्यावर पुसायची कशी, ते भलत्याच पानावर. वाचणाऱ्याला कळावं कसं? किल्ली तशीच ऱ्हाती ना मशीनमधे, चोराला आयती!"

मी शाळेत मराठी शिकवते. मला त्यातलं फारसं कळलं नाही, पण ते खरोखर कासावीस झाले होते.

त्यांचं काम तपासणारी एल्सा नावाची बाई कुठल्याशा थंड देशात होती. कधी पाहिलेली नाही, बोललेली नाही. आठवड्या-आठवड्यांनी तिची एखादी ओळ यायची. "लई कडक हाय," काका म्हणत, "पण वाचती. माझं लिहिलेलं दुसरं कोण वाचतंय?" मला फार वाईट वाटलं.

किल्लीच्या पानाला दुवे जोडून त्यांनी ते एल्साकडे पाठवलं. मग मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा आपलं खातं माझ्या फोनवर उघडून मला तिचं उत्तर बघायला लावलं. रोज सकाळी कुंपणापाशी उभे. "आलं का बाई, किल्लीच्या पानाचं?"

"नाही काका."

"यील. तिकडं सुट्ट्या असतील."

उत्तर यायच्या आधीच काका एका रात्री झोपेतच गेले. परदेशातली मुलगी आली, दहावं-तेरावं उरकून घराला कुलूप लावून गेली.

मग एल्साचं उत्तर आलं. दुवे चांगले आहेत, फक्त एक वाक्य बदलाल का? मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत कळवलं, काका वारले, वाक्य तुम्हीच बदला. या वेळी तिचं उत्तर पोळी तव्यावर असतानाच आलं. वाक्य बदललं, पान स्वीकारलं. खाली विचारलं होतं, इतकी वर्षं मी त्यांचं नाव नुसतं वाचलं, त्याचा उच्चार कसा करतात?

मी गॅस बंद केला. फोन तोंडाशी धरून सावकाश म्हटलं, "दिगंबर." मधेच तुटलं. ते रेकॉर्डिंग पुसून टाकलं, पाणी प्याले, आणि पुन्हा नीट म्हणून पाठवलं.